वर्गणीच्या नावाखाली खंड

'वर्गणी' हा मराठीतील मोठा सात्त्विक शब्द आहे. गणेशोत्सवाची वर्गणी, गावच्या वाचनालयाची वर्गणी, साप्ताहिकाची वार्षिक वर्गणी असे म्हटले की, चार माणसांनी आपखुशीने एकत्र येऊन चालविलेले एखादे कार्य डोळ्यांपुढे उभे राहते. गेल्या काही वर्षांत हाच शब्द संगणकाच्या व्यवहारात शिरला आहे. हिशेबाचे सॉफ्टवेअर, पत्रलेखनाचे सॉफ्टवेअर, लग्नपत्रिकेपासून ग्रंथापर्यंत सर्व छपाईची मांडणी करणारे सॉफ्टवेअर, इतकेच नव्हे तर संगणकाला विषाणूंपासून वाचविणारे सॉफ्टवेअरदेखील एकदाच मोल देऊन विकत घेण्याऐवजी दरमहा वा दरसाल 'वर्गणी' भरून वापरण्याची रीत रूढ झाली आहे.

वाचकांनी या शब्दाला एक साधी कसोटी लावून पाहावी. एखाद्या साप्ताहिकाची वर्गणी पुढील वर्षी भरली नाही, तर नवे अंक येणे थांबेल. परंतु कपाटात जपून ठेवलेले जुने अंक परत न्यायला कोणी दारात येणार नाही. ते आपलेच राहतील. नातवंडेही ते वाचू शकतील. सॉफ्टवेअरच्या तथाकथित वर्गणीत मात्र हप्ता चुकला की नव्याबरोबर जुनेही बंद होते. काल ज्या साधनाने काम केले, ते आज हातात राहत नाही. आणि त्याच साधनाने लिहिलेली आपली स्वतःची वही उघडण्याचीही पंचाईत होऊ शकते. ज्या व्यवहारात पैसे देणे थांबताच पूर्वीचेही सारे हातचे जाते, त्याला मराठीत वर्गणी म्हणत नाहीत. त्याला खंड म्हणतात. नाव सात्त्विक ठेवल्याने व्यवहार सात्त्विक होत नाही, एवढे प्रथमच स्पष्ट केलेले बरे.

विक्रेत्याचीही बाजू आहे

तथापि, प्रतिपक्षाचे म्हणणे नीट ऐकून न घेता निवाडा देणे न्याय्य नव्हे. सॉफ्टवेअर ही वस्तू पितळी समईसारखी नाही, की एकदा घडविली आणि तीन पिढ्या वापरली. कायदा बदलतो, करांचे दर बदलतात, संगणकाची यंत्रणा बदलते, चोरट्यांच्या युक्त्या बदलतात. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा देशातील हिशेबाचे प्रत्येक सॉफ्टवेअर दुरुस्त करावे लागले. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याच कराचे दर पुन्हा बदलले, तेव्हा परत तेच करावे लागले. हे काम करणाऱ्या अभियंत्यांना दरमहा वेतन द्यावे लागते. एकदा विक्री झाली की पुढची दहा वर्षे फुकट सेवा द्या, असे म्हणणे अन्यायाचे आहे.

दुसरा मुद्दा प्रारंभीच्या खर्चाचा. सेलूच्या बाजारात नव्याने दुकान थाटणाऱ्या तरुणाला पहिल्याच महिन्यात वीस-पंचवीस हजार रुपये सॉफ्टवेअरवर घालणे जड जाते. सात-आठशे रुपये महिना त्याला परवडतो. धंदा जमला नाही तर तो सोडून देऊ शकतो. तात्पुरत्या गरजेसाठी भाडे हीच योग्य रीत आहे. लग्नकार्याची भांडी आपण भाड्यानेच आणतो, विकत घेत नाही.

तिसरा मुद्दा अप्रिय आहे, परंतु तो टाळता येणार नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षे सॉफ्टवेअरच्या चोरीच्या प्रती सर्रास वापरल्या गेल्या. संगणक विकत घेताना विक्रेत्याने 'सगळे टाकून द्यावे' असा आग्रह धरणारी मंडळी इतर व्यवहारात अत्यंत प्रामाणिक असतात. दुकानातून पावशेर साखर उचलून आणण्याची कल्पनाही ज्यांना सहन होणार नाही, त्यांना पन्नास हजारांचे सॉफ्टवेअर फुकट वापरताना काहीच वाटत नाही. अस्तेय हे यमांपैकी एक आहे, आणि त्याला संगणकाचा अपवाद नाही. कंपन्यांनी एकदाची विक्री सोडून भाड्याची पद्धत स्वीकारली, त्यामागे नियमित उत्पन्नाचा लोभ आहे, तसेच या चोरीला आळा घालण्याचा हेतूही आहे. कुंपण घातले म्हणून मालकाला दोष देण्याआधी शेतात गुरे कोणी सोडली होती, याचाही विचार करावा लागतो.

ही बाजू इतकी सबळ आहे. मग आक्षेप कशाला? आक्षेप मोल देण्याला नाही. मोल कशाचे घेतले जाते, याला आहे.

बलुते आणि खंड

सेवेचे मोल वर्षाकाठी चुकते करणे आपल्या ग्रामव्यवस्थेला नवीन नाही. सुतार वर्षभर नांगर, वखर, तिफण, बैलगाडी नीट राखी; लोहार फाळाला धार लावून देई. सुगी झाली, खळ्यावर रास पडली की त्यांचे बलुते त्यांना पोहोचे. त्या व्यवस्थेत जातीची बंधने होती, उच्चनीच भाव होता, आणि ती मोडली हे योग्यच झाले. ती पुन्हा आणावी असे कोणीही सुज्ञ माणूस म्हणणार नाही. मात्र निव्वळ आर्थिक व्यवहार म्हणून पाहिले तर तिच्यातील दोन गोष्टी आज आठवण्याजोग्या आहेत. एक म्हणजे, नांगर शेतकऱ्याचाच असे. बलुते थकले म्हणून सुतार नांगर उचलून नेत नसे. फार तर पुढची दुरुस्ती अडे. दुसरी गोष्ट म्हणजे, बलुते पिकाच्या वेळी आणि पिकाच्या मानाने दिले जाई.

खंडाची रीत याच्या उलट. कूळ घाम गाळी, बांधबंदिस्ती करी, विहीर खोदी. जमीन मात्र मालकाची. खंड थकला की बेदखल. सारे आयुष्य खंड भरूनही कुळाच्या नावावर एक गुंठा होत नसे. निजामी राजवटीत मराठवाड्याने ही रीत पुरेपूर भोगली. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर १९५० साली हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम करावा लागला, आणि संरक्षित कुळांना काही अटींवर जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला तो याच कारणासाठी. कसणाऱ्याचा जमिनीशी काही संबंध आहे, तो दर वर्षीच्या खंडावर टांगता ठेवता येणार नाही, हे तत्त्व या देशाने कायद्यात लिहिले.

सॉफ्टवेअरच्या भाड्याकडे या दृष्टीने पाहावे. सुधारणा, सुरक्षा आणि सल्ला यांचे मोल हे बलुते आहे. ते न मागता द्यावे. परंतु 'हप्ता भरा, नाही तर काल वापरलेले साधनही बंद' हा खंड आहे. दोन्ही एकाच देयकात गुंडाळून त्याला वर्गणी हे नाव दिले की, आपण खंड कधी भरू लागलो हे कळतही नाही.

मोंढ्यातील हिशेब

कल्पनेवर न थांबता प्रत्यक्ष आकडे पाहू. परभणी, मानवत, गंगाखेड, जिंतूर, कोठेही मोंढ्यात जा. आडतीच्या दुकानात, जिनिंगच्या कार्यालयात, कर सल्लागाराच्या टेबलावर टॅली दिसते. बंगळुरूच्या गोयंका पितापुत्रांनी १९८६ साली सुरू केलेला हा उद्योग पूर्णपणे भारतीय आहे. तिने ग्राहकापुढे दोन्ही मार्ग ठेवले, हे विशेष नमूद केले पाहिजे. २०२३ च्या सुमारास एका संगणकासाठीची कायमची परवानगी, कर वगळता, २२,५०० रुपयांना मिळे. पहिल्या वर्षाच्या सुधारणा त्यातच येत. पुढे सुधारणा हव्या असल्यास दरसाल ४,५०० रुपये. भाड्याने घ्यायची तर महिन्याला ७५० किंवा वर्षाला ८,१०० रुपये.

आता पाच वर्षांचा हिशेब मांडा. विकत घेणाऱ्याचे २२,५०० आणि पुढील चार वर्षांच्या सुधारणांचे १८,०००, एकूण ४०,५००. वार्षिक भाडे भरणाऱ्याचे पाच वेळा ८,१००, म्हणजे तेही ४०,५००. रुपयात फरक शून्य! केवळ पैशाकडे पाहणारा म्हणेल, मग वाद कसला? वाद सहाव्या वर्षी सुरू होतो. विकत घेणाऱ्याच्या हाती एक वस्तू आहे. त्याने पुढे एक पैसाही भरला नाही तरी आहे ती आवृत्ती चालू राहते. भाडेकऱ्याच्या हाती पाच वर्षांच्या पावत्या आहेत.

हा सहाव्या वर्षाचा प्रश्न मराठवाड्यात जितका खरा आहे, तितका पुण्या-मुंबईत नाही. दरमहा हप्त्याची कल्पना दरमहा पगार घेणाऱ्यांच्या समाजात जन्मली. ज्याच्या खात्यात बाराही महिने एक तारखेला ठरलेली रक्कम जमा होते, त्याला बाराही महिने ठरलेली रक्कम देणे सोपे जाते. परभणी जिल्ह्याचे अर्थकारण असे नाही. येथे पैसा सोयाबीन निघाल्यावर येतो, कापूस घरात आल्यावर येतो, तूर आणि हरभरा विकल्यावर येतो. शेतकऱ्याचा हंगाम आडत्याचा हंगाम ठरवितो, आडत्याचा हंगाम कापड दुकानदाराचा, आणि त्याचा हंगाम शिंप्याचा व छापखान्याचा. मृग कोरडा गेला की साखळीतील प्रत्येक कडी ओढली जाते.

२०१५ आणि २०१६ ही वर्षे आठवा. मराठवाडा सलग दुष्काळात होरपळला. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा वर्षी शहाणा व्यापारी काय करतो? नवी खरेदी थांबवितो, जुन्यावर भागवितो. जुना तराजू चालतो, जुनी गादी चालते. स्वतःच्या मालकीचे जुने सॉफ्टवेअरही चालले असते. भाड्याचे सॉफ्टवेअर मात्र पाऊस पाहत नाही. वाईट वर्ष काढण्यासाठी खर्च आवरता येणे, ही या भागात चैन नसून जगण्याची युक्ती आहे. भाड्याची पद्धत हीच युक्ती हिरावून घेते. कंपनीचे उत्पन्न स्थिर व्हावे म्हणून पावसाची सारी अनिश्चितता ग्राहकाच्या डोक्यावर येते.

बियाण्याने दिलेला धडा

परभणीच्या वाचकाला हा प्रकार अगदीच अपरिचित नाही. तो त्याने बियाण्यात पाहिला आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या येथील कृषी विद्यापीठाने, आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने, १९८० च्या दशकात 'परभणी क्रांती' हा भेंडीचा सुधारित वाण दिला. पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणूरोगाला तोंड देणारा हा वाण देशभर गेला. तो संकरित नव्हता. शेतकऱ्याने एकदा बियाणे आणावे, चांगल्या झाडांवरील शेंगा वाळू द्याव्यात, आणि पुढील वर्षी घरचेच बी पेरावे. संशोधनाचे फळ पेरणाऱ्याच्या मालकीचे झाले.

२००२ साली देशात बीटी कापसाला अनुमती मिळाली. त्याने बोंडअळीपासून काही वर्षे मोठा दिलासा दिला, उत्पादनही वाढले. हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु भारतात हे तंत्र मुख्यतः संकरित वाणांतून आले. संकरित बियाणे दर वर्षी नवे घ्यावे लागते, आणि प्रत्येक पाकिटाच्या किमतीत तंत्रज्ञानाचे शुल्क मिसळलेले होते. पुढे गुलाबी बोंडअळी त्या तंत्राला दाद देईनाशी झाली. २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांनी त्याचा जबर फटका सोसला. संरक्षण उरले नाही, तरी पाकीट दर वर्षी विकत घेणे सुटले नाही. अखेर केंद्र शासनाला हस्तक्षेप करावा लागला. २०१६ साली ४५० ग्रॅमच्या पाकिटावरील हे शुल्क ४९ रुपयांवर आणले गेले आणि २०२० साली ते शून्य झाले.

यातून दोन बोध घ्यावेत. दर वर्षी मोल द्यावे लागणारी वस्तू चांगली असू शकते. पण ती घेताना घरचे बी राखण्याची सवय आणि हक्क सोडू नये. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतातील उत्पन्नातून बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा हक्क मान्य केला आहे. शोध लावणाऱ्याचा हक्क आणि वापरणाऱ्याचा हक्क दोन्ही एकाच कायद्यात बसू शकतात, हे भारताने दाखवून दिले आहे. जे बियाण्याला लागू होते, ते सॉफ्टवेअरला का लागू होऊ नये? दुसरा बोध असा की, बाजार आपण होऊन न्याय करीत नाही. मागणारा असेल, तरच शासन हलते.

किल्ली कोणाच्या हाती?

आतापर्यंत प्रश्न घरचा आणि दुकानाचा होता. तो राष्ट्राचाही आहे. भारताला संगणकाच्या भाड्याचा अनुभव फार जुना आहे. १९६० च्या आणि १९७० च्या दशकांत आयबीएम ही अमेरिकन कंपनी भारतातील मोठ्या संस्थांना संगणक विकत नसे, भाड्याने देई. त्यातील अनेक यंत्रे १४०१ या जुन्या बनावटीची, परदेशात वापरून झालेली आणि येथे डागडुजी केलेली असत. प्रगत देशांनी टाकलेल्या यंत्रांचे भाडे भारत भरत होता. जनता राजवटीत उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी परकीय चलनाच्या कायद्यानुसार भारतीय भागीदारीचा आग्रह धरला. कंपनीने तो मानला नाही आणि १९७८ साली ती देश सोडून गेली. आकाश कोसळले नाही. तिच्या यंत्रांची देखभाल सार्वजनिक क्षेत्रातील सीएमसीने सांभाळली, आणि भारतीय अभियंत्यांना स्वतःच्या हिमतीवर उभे राहण्याची संधी मिळाली. दहा वर्षांनी, १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ साली 'परम' महासंगणक उभा राहिला.

भाड्याचे दुसरे रूप २०२५ च्या जुलैमध्ये दिसले. गुजरातमधील वाडिनार येथे वर्षाला दोन कोटी टन तेल शुद्ध करणारी नायरा एनर्जी ही कंपनी. तिच्यात रशियन भांडवल असल्यामुळे युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा रोखल्या. कर्मचाऱ्यांची टपालपेटी बंद झाली. कंपनीचे म्हणणे असे होते की, पूर्ण पैसे भरलेले असतानाही तिला तिच्याच माहितीपर्यंत पोहोचता येईना. नायराने दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले, त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. येथे हप्ता थकलेला नव्हता. भारताच्या कोणत्याही कायद्याचा भंग झालेला नव्हता. ब्रुसेल्समध्ये निर्णय झाला आणि भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीचे कुलूप बसले. रशियन भांडवलाविषयी कोणाचे मत काहीही असो, किल्ली परक्याच्या हाती असण्याचा अर्थ यापेक्षा स्वच्छपणे कोणता प्राध्यापक समजावून सांगणार?

हा एकुलता एक प्रसंगही नव्हे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी शासनाच्या आदेशाचा हवाला देऊन अडोबी कंपनीने व्हेनेझुएलातील सर्व ग्राहकांची खाती बंद करण्याची घोषणा केली. पुढे अमेरिकी शासनाची अनुमती मिळाल्यावर तिने ती मागे घेतली. याच कंपनीने २०१३ साली आपल्या चित्र व मुद्रणविषयक सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या कायमच्या विकणे थांबवून भाड्याचा मार्ग धरला होता. ज्यांच्याकडे आधी विकत घेतलेल्या जुन्या आवृत्त्या होत्या, त्यांचे काम अशा घोषणेने एका रात्रीत थांबत नाही. भाडेकऱ्यांचे थांबू शकते. मालकी आणि भाडे यांतील भेद शांततेच्या काळात दिसत नाही. तो अडचणीच्या काळात दिसतो.

स्वदेशी मालक पुरेसा आहे का?

यावर आपल्या मंडळींचे सहज उत्तर असते, 'स्वदेशी वापरा.' ते योग्यच आहे, परंतु अपुरे आहे. श्रीधर वेंबू यांच्या झोहो कंपनीने तामिळनाडूतील तेनकाशीसारख्या ग्रामीण भागात बसून जगाला सॉफ्टवेअर पुरविले, याचा प्रत्येक भारतीयाला अभिमान वाटावा. केंद्र शासनाच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांचे ई-पत्रव्यवहार या कंपनीच्या यंत्रणेवर गेल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले; ब्रुसेल्सच्या कुलपाची भीती त्याने कमी होते. पण झोहोची उत्पादनेही मुख्यतः भाड्यानेच मिळतात. जमीनदार गावचा असला म्हणून कुळाचा खंड माफ होत नाही. उद्या भाव वाढले, धोरण बदलले, कंपनी दुसऱ्याच्या हाती गेली, तर भाडेकरू तेव्हाही भाडेकरूच असतो. स्वदेशीने राष्ट्राची किल्ली राष्ट्रात राहते. घराची किल्ली घरात राहण्यासाठी आणखी काही लागते.

ते 'आणखी काही' अस्तित्वात आहे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने इआरपीनेक्स्ट हे उद्योगव्यवहाराचे सॉफ्टवेअर तयार केले आणि त्याची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली ठेवली. ज्याला ज्ञान आहे त्याने ती घ्यावी, आपल्या संगणकावर चालवावी, एक रुपयाही देऊ नये. ज्याला ती सांभाळणे जमत नाही, त्याने कंपनीला दरमहा मोल देऊन ती त्यांच्या यंत्रणेवर चालवून घ्यावी. मोल तेथेही दरमहाच आहे. पण ते सुताराचे बलुते आहे. हप्ता थांबला तरी नांगर शेतकऱ्याचाच राहतो. सॉफ्टवेअर कंपनीने कमवावे आणि ग्राहकाने गुलामही होऊ नये, हे शक्य आहे याचा हा महाराष्ट्रातलाच पुरावा आहे.

जी कंपनी आज्ञावली खुली करू इच्छित नाही, तिलाही मार्ग आहे. प्राग येथील जेटब्रेन्स या कंपनीने २०१५ साली भाड्याची पद्धत जाहीर केली, तेव्हा तिच्या ग्राहकांनी एकमुखाने विरोध केला. कंपनीने ऐकले. सलग बारा महिने पैसे भरणाऱ्याला, त्याने पुढे हप्ते थांबविले तरी, एक ठरलेली आवृत्ती कायम वापरता येईल, अशी तरतूद तिने केली. कंपनी बुडाली नाही. संघटित आणि सभ्य भाषेत मागितले की मिळते, हा त्यातील मतितार्थ आहे.

काय करावे?

कायद्याची बाजू अगदीच रिकामी नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्याची सूचना किमान २४ तास आधी देणे बँकांना बंधनकारक झाले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांना मनाई केली; वर्गणीत अडकवून बाहेर पडणे अवघड करणे ही त्यातीलच एक आहे. हे चांगले झाले. पण हे नियम पैशाचे रक्षण करतात. साधनाचे आणि वहीचे नाही. सॉफ्टवेअर भाड्याने देणाऱ्या प्रत्येक कंपनीवर आणखी दोन बंधने असली पाहिजेत. हप्ता थांबल्यावरही ग्राहकाला त्याची संपूर्ण माहिती, दुसऱ्या कोणत्याही साधनाने वाचता येईल अशा खुल्या स्वरूपात, विनामूल्य काढून घेता यावी. आणि ठरावीक काळ हप्ते भरलेल्या ग्राहकाला, नव्या सुधारणांवाचून का होईना, एक आवृत्ती कायमची मिळावी.

शासनाची मागणी शासनाकडे करावी. आपले काम आपण करावे. आपल्यापैकी अनेक जण पतसंस्थेचे संचालक आहेत, शिक्षणसंस्थांचे पदाधिकारी आहेत, छापखाने व दुकाने चालवितात. पुढील करारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत. हप्ता थांबला तर आमच्या नोंदी आम्हाला दिसतील काय? त्या आम्हाला खुल्या स्वरूपात नेता येतील काय? पुढील तीन वर्षांत दर किती वाढेल, हे लेखी देता काय? सभासदांच्या ठेवी सांभाळणाऱ्या संस्थेने हे प्रश्न न विचारणे हा हलगर्जीपणा आहे. ज्या पतसंस्थेचा खातेवहीवरील ताबा विक्रेत्याच्या मर्जीवर आहे, तिने तिजोरीची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवली आहे असे समजावे.

शाळांची जबाबदारी त्याहून मोठी आहे. २००१ पासून महाराष्ट्रातील लाखो तरुणांनी एमएस-सीआयटीच्या वर्गांतून संगणकाची ओळख करून घेतली. हे मोठे काम झाले. परंतु त्या वर्गांत संगणक म्हणजे प्रामुख्याने एकाच परदेशी कंपनीची साधने, असा संस्कारही नकळत झाला. केरळच्या शासकीय शाळांनी मात्र लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली स्वीकारली. तेथील राज्यकर्त्यांशी आपले वैचारिक मतभेद जगजाहीर आहेत. तरी चांगले ते घेण्यात संकोच कसला? पत्र लिहायला आणि तक्ता मांडायला लिब्रेऑफिस पुरेसे आहे, ते विनामूल्य आहे आणि त्यात मराठी उत्तम चालते. ज्याला ते पुरते त्याने चोरीची प्रतही वापरू नये आणि खंडही भरू नये. ज्याला त्याहून अधिक हवे, त्याने मोल द्यावे, पण ते डोळे उघडे ठेवून.

आपल्या व्यापाऱ्यांच्या घरी दिवाळीला वहीचे पूजन होते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या त्या रीतीमागे एक भाव आहे: वहीत घरची पत आहे, शब्द आहे, इभ्रत आहे. कागदाची वही गेली आणि संगणक आला, यात खंत करण्यासारखे काही नाही. वही लिहायला साहाय्य करणाऱ्या कुशल माणसाला त्याचे बलुते आपण आनंदाने देऊ, वेळेवर देऊ, आणि चोरी करणार नाही. पण स्वतःची वही उघडण्यासाठी कोणाला खंड देण्याची वेळ आपल्यावर येता कामा नये. ज्या मराठवाड्याने कुळाच्या पाठीवरील खंडाचे ओझे कायद्याने उतरविले, त्याने ते संगणकाच्या वाटेने पुन्हा उचलून घेऊ नये.